डेक ओव्हन: डिस्प्लेवर २००, आत २३०. सेन्सर पुन्हा बदलायचा का?

खारी_टोस्ट (पुणे):
बेकरीचा इलेक्ट्रिक डेक ओव्हन, एक डेक (कप्पा), दोन ट्रे. डिजिटल कंट्रोलर, के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर). सेन्सर तुटला म्हणून नवा बसवून घेतला. त्याची वायर तोकडी पडली, तेव्हा मेकॅनिकने जोड देऊन पॅनेलपर्यंत आणली. आता सकाळचा पहिला लॉट छान भाजतो, पण दीड-दोन तासांनी पावाचा तळ करपायला लागतो. आत वेगळा थर्मामीटर ठेवून पाहिला: डिस्प्लेवर २००, आत २२८–२३०. सेन्सर बदलू की कंट्रोलर?

पॅनेलवाला:
आत्ता काहीच विकत घेऊ नका. डिस्प्लेनेच २३० दाखवले असते तर हीटर चालू-बंद करणारा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर चिकटलाय किंवा एसएसआर (इलेक्ट्रॉनिक रिले) शॉर्ट झालाय म्हटलं असतं. तुमचा डिस्प्लेच चुकतोय, म्हणजे सेन्सर, वायर नाहीतर सेटिंग.

ओव्हन थंड असताना सेट पॉइंट (कंट्रोलरवर ठरवलेलं तापमान) ० करा, हीटरचा एमसीबी (ब्रेकर स्विच) बंद ठेवा. नाहीतर कमी आकडा बघून कंट्रोलर हीटर सुरू करेल. मेन बंद करून कंट्रोलरवरून थर्मोकपल सोडवा, त्या दोन टर्मिनलमध्ये तांब्याच्या वायरचा तुकडा लावा आणि फक्त कंट्रोलर चालू करा. पॅनेलमधलं तापमान, ३०–३५, दिसलं की कंट्रोलर ठीक. मग सेन्सर परत जोडून टोक उकळत्या पाण्यात धरा. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८च्या आसपास उकळतं, १०० ची वाट पाहू नका. इनपुट टाइपही बघा, म्हणजे कंट्रोलर कोणत्या प्रकारच्या थर्मोकपलवर सेट आहे. चुकून ‘जे’ टाइप (J, थर्मोकपलचा दुसरा प्रकार) असेल तर २०० ला १६०च्या आसपास दाखवेल, पण ती चूक पहिल्या लॉटपासूनच दिसली असती.

खारी_टोस्ट:
शॉर्ट केल्यावर ३३. उकळत्या पाण्यात ९७. सेटिंग ‘के’ टाइप आहे. जोड ओव्हनच्या मागच्या पत्र्याच्या आत आहे, साधी लाल-काळी वायर.

पॅनेलवाला:
मग दोष त्या लाल-काळ्या वायरचा. के टाइपच्या दोन धातूंच्या तारा थेट कंट्रोलरपर्यंत आल्या आहेत असं धरून कंट्रोलर आपल्या टर्मिनलचं तापमान हिशेबात मिळवतो. तुमच्याकडे त्या तारा मागच्या पत्र्यातच संपतात, पुढे तांबं. जोड तापून ६० वर गेला आणि पॅनेल ३२ वर असलं की २८ अंश गायब होतात. डिस्प्ले कमी दाखवतो, म्हणून हीटर जास्त चालतो. सकाळी जोड थंड असतो, म्हणून पहिला लॉट बरोबर. पाण्याची चाचणीही त्याच कारणाने पास झाली, ती वायरीला क्लीन चिट नाही.

कंट्रोलरमध्ये ऑफसेट (आकड्यात ठरावीक अंश मिळवण्याची सेटिंग) देऊन हे झाकू नका. +२८ दिलेत तर सकाळचा लॉट कच्चा राहील.

जोडापासून पॅनेलपर्यंत के टाइपची कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंची) टाका, फायबरग्लास आवरणाची. पीव्हीसी तिथल्या उष्णतेत खराब होऊ शकते. दोन्ही टोकांना उलटी जोडली तर चूक दुप्पट होते. वायरींचे रंग उत्पादकागणिक बदलतात, म्हणून सेन्सरच्या तारांना चुंबक लावा: चिकटते ती ऋण.

भट्टी_फिटर:
केबलऐवजी सेन्सरच बदलायचा असेल तर लांब लीडचा (वायरचा) घ्या, अधेमधे जोड नको. जुना दुकानात घेऊन जा. दांड्याचा व्यास, लांबी आणि आटे जुळायला हवेत. ६ मिमीचा दांडा असेल तर निदान ६० मिमी आत गेला पाहिजे. तोकडा राहिला तर भिंतीचा थंडावा वाचतो आणि ओव्हन पुन्हा जास्त तापतो. टोक हीटरला किंवा ट्रेला टेकू देऊ नका. आतलं जंक्शन (दोन तारा जुळतात ते टोक) दांड्यापासून इन्सुलेटेड असलेलाच मागा. ग्राउंडेड प्रकारात (जंक्शन दांड्याला जोडलेलं) हीटरचं लीकेज (गळका करंट) आलं की आकडा उड्या मारतो.

लीड हीटरच्या वायरींबरोबर एका गठ्ठ्यात बांधू नका. कंट्रोलरवर उलट जोडली गेली तर ओव्हन तापताना आकडा खाली जातो, तसं दिसताच मेन बंद करा.

तपासणी किमान दोन तास ओव्हन चालल्यावर करा. थर्मामीटर मधल्या जागेत ठेवा, हीटर चालू-बंद होण्याच्या तीन-चार फेऱ्यांतला सर्वांत वरचा आणि खालचा आकडा टिपून सरासरी काढा. ४–५ अंशांचा फरक उरला तर तेवढ्यापुरता ऑफसेट द्यायला हरकत नाही.