प्रतिसाद: 'बिया' ही थीम, किटशिवाय

साहित्याचं तयार किट नसेल तर बालवाडीत 'बिया' ही थीम, म्हणजे बियांभोवती गुंफलेले खेळ आणि उपक्रम, जमत नाही, असं मत इथे कुणीतरी मांडलंय. ते मला अजिबात पटत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते शंख-शिंपले, पानं, बिया अशा आसपासच्याच वस्तू घेऊन. माझ्या वर्गात मुलं चिंचोका फरशीवर घासतात, तो चटका बसेल इतका तापतो, मग घासलेली बाजू पांढरी होते. ते बघताना सगळे गप्प!

फक्त गुंजा आणि एरंडीच्या बिया वर्गात आणूच नका, दोन्ही विषारी आहेत. तीन वर्षांखालच्यांना आंब्याची कोयच द्या. बारीक बी हमखास नाकात जाते.