कॅनडा की ऑस्ट्रेलिया? मार्चमध्ये ३३ पूर्ण होतायत, घाईत आहे

मुलुंडकर:
नमस्कार मंडळी. मी ३२, बीई कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये ९ वर्षं, ऑफिस ऐरोलीला. बायको २९, बीएस्सी नर्सिंग, परळच्या एका हॉस्पिटलात आयसीयूला ६ वर्षं. मुलगी ३ वर्षांची. पीआर (कायमच्या वास्तव्याचा हक्क) घेऊनच जायचंय, वर्क परमिटवर लटकत राहायचं नाही.

दोन महिने ऑफिसच्या बसमध्ये हेच वाचतोय. ऑस्ट्रेलियाचा माझा गुणांचा हिशोब: वयाचे ३०, पदवीचे १५, पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेत सुपीरियर (सगळ्यात वरची श्रेणी) आलं तर २०, अनुभवाचे १५, बायकोच्या इंग्रजीचे ५. एकूण ८५. मार्चमध्ये वयाचे ५ जाणार. कॅनडात सीआरएस (तिथले गुण) ४१० च्या आसपास बसतोय. ठाण्याचा एक कन्सल्टंट दीड लाख मागतोय आणि 'सर, ऑस्ट्रेलिया पक्का' म्हणतोय. नाहीतर तीन महिने फ्रेंच शिकून कॅनडा? काय करू?

बर्फातला बोरिवलीकर:
कोणी 'पक्का' म्हटलं की चहा संपवून उठायचं.

तुमच्या हिशोबात एक भोक आहे. एसीएस, म्हणजे आयटीवाल्यांची डिग्री-अनुभव तपासणारी तिथली संस्था, अनुभव जसाच्या तसा धरत नाही. मी आधी ऑस्ट्रेलियाच करत होतो, डिग्री कॉम्प्युटरचीच, तरी ८ पैकी २ वर्षं कापली. तुमची ९ ची ७ धरा, म्हणजे १५ ऐवजी १०. झाले ८०. टेस्टिंगवाल्याने ८० वर १८९ ची (राज्याच्या शिफारशीशिवाय मिळणाऱ्या पीआर व्हिसाची) वाट बघत बसू नये, हे माझं मत.

कॅनडात २०२५ मध्ये सगळ्यांसाठी खुला असा एकही ड्रॉ (गुणांवर बोलावणं पाठवायची फेरी) झाला नाही. पीएनपी (प्रांतांनी निवडलेले), सीईसी (कॅनडात काम केलेले), फ्रेंच आणि ठरावीक व्यवसाय, एवढंच. जॉब ऑफरचे गुणही मार्च २०२५ पासून गेले, तेव्हा 'ऑफर लेटर मिळवून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. फ्रेंचने मात्र माझं काम झालं. २१ मार्च २०२५ च्या ड्रॉला ३७९ वर बोलावणं गेलं होतं. पण फ्रेंचची एनसीएलसी ७ ही पातळी लागते, म्हणजे साधारण बी२. तीन महिने विसरा. मला दीड वर्ष लागलं, दर शनिवार-रविवारी चर्चगेट लोकल धरून.

लालबागची सिस्टर:
अहो मुलुंडकर, एवढं गणित मांडलंत आणि बायकोच्या खात्यात फक्त ५ गुण? ती आयसीयू नर्स आहे! फाइल तिच्या नावावर टाका.

मी स्वतः नर्स. आमच्याकडेही आधी नवऱ्याचीच फाइल चालू होती, तो मेकॅनिकल. कोणी ठरवलं नव्हतं, गृहीतच धरलेलं. वर्ष फुकट गेलं. मग माझ्या नावाने केली आणि ४९१ या रिजनल (मोठ्या शहरांबाहेरच्या) व्हिसावर अ‍ॅडलेडला आलो. (अ‍ॅडलेड म्हणे 'रिजनल'. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून सगळंच रिजनल. लालबागच्या माणसाला पहिले सहा महिने इथली शांतता ऐकून झोप येत नाही, ते वेगळं.)

तिचा हिशोब बघा: वय ३०, पदवी १५, इंग्रजी सुपीरियर आलं तर २०, अनुभव १०. वर तुमची एसीएस झाली आणि तुमचा व्यवसाय तिच्या व्यवसायाच्याच यादीत असला तर जोडीदाराचे १०. झाले ८५. शिवाय ती ३३ ची व्हायला तीनेक वर्षं आहेत, तुमचा मार्च गेला उडत. तिथल्या राज्याने १९० या पीआर व्हिसाला घेतलं तर आणखी ५, ४९१ ला १५. फक्त ४९१ तात्पुरता असतो, तीन वर्षांनी १९१ व्हिसा मागायचा, तेव्हा पीआर. १९० हाती लागत असेल तर तोच घ्या.

आता कडू भाग. नर्सचा रस्ता लांब आहे. एएचपीआरए या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते, त्यासाठी एनसीएलईएक्स (संगणकावरची परीक्षा) आणि मग ओएससीई (प्रात्यक्षिक परीक्षा). ही दुसरी परीक्षा ऑस्ट्रेलियात येऊन द्यावी लागते. विमान, राहणं, फी सगळं पदरचं. मी रात्रपाळी करून अभ्यास केला, नवऱ्याने डबे केले.

कॅनडातही तिच्या नावाने एक प्रोफाइल टाकून ठेवा, फुकट आहे. नवरा-बायको दोघांची वेगवेगळी चालते. जोडीदार धरून वयाचे तिला १००, तुम्हाला ८५. तरी हेल्थकेअरच्या ड्रॉला ती कमी पडेल, मे २०२५ चा ५१० वर होता. पण एखाद्या प्रांताने नर्स म्हणून उचललं तर ६०० मिळतात, मग प्रश्नच मिटला.

मुलुंडकर:
सिस्टर, खरंच सुचलं नव्हतं. लाज वाटतेय. सकाळी ती नाइट करून आली तेव्हा सांगितलं. म्हणाली, "म्हणजे पीटीई मी देणार, एनसीएलईएक्स मी देणार, आणि तू एक्सेल करणार?" मी म्हटलं डबेपण करीन. विश्वास बसलेला दिसत नाही. कन्सल्टंटला 'नाही' असं कळवलंय.

आधी कुठून सुरुवात करू?

लालबागची सिस्टर:
नावापासून. डिग्री आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, असं आहे का? माझं होतं, मधलं नावसुद्धा बदललेलं. मॅरेज सर्टिफिकेट काढून ठेवा आणि सगळीकडे एकच स्पेलिंग करून घ्या. दुसरं, हॉस्पिटलकडून अनुभवाचं पत्र: नुसतं पद आणि तारखा नकोत. काम काय, आठवड्याचे तास किती, पगार किती, सगळं लेटरहेडवर. एचआर 'आमचा फॉरमॅट नाही' म्हणेल. मेट्रनला गाठायला सांगा, तेही त्या मेट्रनची बदली व्हायच्या आत.