प्रतिसाद: फ्युरी-उसिक, दुसरी लढत

नवव्या राउंडमध्ये टायसन फ्युरी कोलमडल्यावर रेफरीने केलेली ती मोजणी झाली नसती, तर ओलेक्सांडर उसिकविरुद्धची मे २०२४ मधली हेवीवेट बॉक्सिंगची लढत फ्युरीनेच मारली असती, हे वर दोघातिघांनी लिहिलंय. गणित तसं येत नाही. पंचांची गुणपत्रकं ११५-११२ आणि ११४-११३ अशी उसिककडे, तर तिसरं ११४-११३ फ्युरीकडे होतं. मोजणीमुळे गेलेला एक गुण फ्युरीला परत दिला तरी एक पत्रक उसिकचं, एक फ्युरीचं आणि एक बरोबरीचं होतं, म्हणजे निकाल बरोबरीत सुटतो, फ्युरी जिंकत नाही. चौथ्या ते सहाव्या राउंडमधले फ्युरीचे पोटावरचे ठोसे आणि अपरकट (खालून वर मारलेले ठोसे) मात्र खरोखर जबरदस्त होते. ६ फूट ९ इंचांचा माणूस इतक्या सफाईने खाली वाकून मारतो, हे पाहणं हाच आनंद आहे.

पण २१ डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या लढतीचा अंदाज बांधताना उसिकची ब्रिटिश बॉक्सर अँथनी जोशुआबरोबरची दुसरी लढत कुणीच विचारात घेतलेली नाही. ऑगस्ट २०२२, जेद्दा. पहिल्या लढतीतून धडा घेऊन आलेला जोशुआ तेव्हा पोटावर मारत होता आणि नववा राउंड त्याने गाजवला. पुढच्याच राउंडमध्ये उसिकने असा मारा केला की सामन्याची सूत्रं परत त्याच्या हातात आली. म्हणजे प्रतिस्पर्धी नवा डाव घेऊन आला, तरी हा डावखुरा रिंगमध्येच त्यावर उत्तर शोधतो. मे महिन्यातही त्याने नेमकं तेच केलं. फ्युरी वजन वाढवून अंगावर रेलला तर मधले काही राउंड त्याचे, पण शेवटचे चार उसिकचेच. माझं मत: उसिक, गुणांवर, आणि या वेळी तिन्ही पंचांचा कौल एकच.