फ्लिंट सेंटर बंद केलं ते बरोबर की चूक? (डी अँझा कॉलेज, क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया)

जुना_क्युपर्टिनोकर:
परवा बऱ्याच दिवसांनी डी अँझाच्या आवारात चक्कर मारली, फ्लिंट सेंटरवरनं घरी वाद झाला, तोच इथे आणतोय. बाहेरच्यांसाठी सांगतो, डी अँझा हे आमच्या गावचं कम्युनिटी कॉलेज, १९६७ ला सुरू झालं, आणि फ्लिंट म्हणजे त्यातलं साधारण २४०० सीटांचं थिएटर, १९७१ चं. २४ जानेवारी १९८४ ला ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने पिशवीतनं मॅकिंटॉश कॉम्प्युटर काढून दाखवला तो याच स्टेजवर, २०१४ ला आयफोन ६ पण इथेच. आणि २०१९ ला कॉलेजच्या बोर्डाने ठरवून टाकलं, बंद. अशी जागा जपायची सोडून लोक दुरुस्तीचा खर्च मोजत बसले. माझ्या मते घोडचूक.

मीठमिरची:
जपून पाटी काय लावणार, "एका कंपनीने इथे हॉल भाड्याने घेतला होता"? अहो ते कॉलेज आहे, कंपनीचं म्युझियम नाही. त्या थिएटरात बाहेरचे कार्यक्रमच जास्त, तिकिटं काढून जाणारे आपण सगळे नोकरदार, कॉलेजची पोरं शेजारच्या लायब्ररीत. त्यांच्या नावाने आपली नॉस्टॅल्जिया का पोसायची?

जुना_क्युपर्टिनोकर:
@मीठमिरची ॲपलचा दुसरा संस्थापक वॉझ्नियाक डी अँझात शिकलाय काही काळ, तेव्हा कंपनीचा आणि कॉलेजचा संबंध भाड्यापुरता नाही. आणि पैसे नाहीत हे तर सांगूच नका, मार्च २०२० ला मतदानात मेझर जी हा ठराव पास करून कॉलेजच्या बांधकामांसाठी ८९८ मिलियन डॉलरच्या बाँडला (कर्जाला) आपणच हो म्हटलं, प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात दिसतंय.

विटा_आणि_चुना:
दोघंही एक गोष्ट विसरताय. ही सगळी जमीन आधी बाल्डविन नावाच्या श्रीमंत माणसाची इस्टेट, द्राक्षमळे, वायनरी वगैरे. १८९० च्या दशकात विलिस पोक या आर्किटेक्टकडनं त्याने मोठं देखणं घर बांधून घेतलं, ल पेटी ट्रियानॉन. कॉलेज आलं तेव्हा हे घर कुठे होतं? फ्लिंटच्याच जागेवर! थिएटर बांधायचं म्हणून ते अख्खं घर उचलून बाजूला नेलं, आज त्यात कॅलिफोर्निया हिस्टरी सेंटर आहे. म्हणजे ज्या फ्लिंटसाठी इतिहास सरकवला तेच फ्लिंट आज इतिहास म्हणून जपा म्हणायचं, हे मला जरा गमतीशीर वाटतं. (कॉलेजला ज्याचं नाव आहे तो स्पॅनिश डी अँझा १७७६ ला या भागातनं पुढे गेला, त्याच्या आधी इथे राहणाऱ्या ओलोनी लोकांची तर कोणी गोष्टच काढत नाही.)

एच४_ते_ईएडी:
मी वेगळंच सांगते. नवऱ्याबरोबर इथे आले तेव्हा एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) नोकरी करता येत नव्हती, दिवसभर घरात भिंती बघत बसायचे, मग मैत्रिणीने डी अँझाचं कळवलं आणि राज्याची रेसिडेन्सी (रहिवासी म्हणून कमी फी) लागल्यावर संध्याकाळचे अकाउंटिंगचे क्लास घेतले. वर्गात एकोणीस वर्षांचा मुलगा, दोन नोकऱ्या करणारी आई, सत्तरीचे आजोबा, सगळे एकाच बाकावर. कोणी विचारलं नाही मार्क किती होते. ही कॅलिफोर्नियाच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनची कृपा, युसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) हायस्कूलचे वरचे साडेबारा टक्के, स्टेटला (कॅल स्टेट युनिव्हर्सिटी) वरचे एक तृतीयांश, आणि कम्युनिटी कॉलेजला ज्याला शिकायचंय तो कोणीही. १९८४ म्हटलं की तुम्हाला मॅक आठवतो, मला दुसरंच आठवतं, तोपर्यंत राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत रहिवाशांना फी नव्हती, १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ ने (मतदारांनी पास केलेला कायदा) प्रॉपर्टी टॅक्सला मर्यादा घातली, कॉलेजांचा पैसा आटला, आणि बरोबर १९८४ ला पहिल्यांदा युनिटमागे (कोर्सच्या क्रेडिटमागे) ५ डॉलर फी बसली. आज डी अँझात ३१ डॉलर युनिट आहे. त्याची पाटी कुठे लावणार?

जुना_क्युपर्टिनोकर:
ताई हे १९८४ चं मला खरंच माहीत नव्हतं, पटलं. पण फी लागली म्हणून थिएटर बंद करा हे लॉजिक काही कळलं नाही. गावात एवढा मोठा हॉल दुसरा दाखवा. आमची मुलगी पहिल्यांदा ऑर्केस्ट्रा बघायला गेली ती फ्लिंटलाच, तिला ना मॅकशी देणंघेणं होतं ना बोर्डाशी.

मीठमिरची:
मग सरळ म्हणा ना हॉल पाहिजे! हॉलला माझा विरोध नाहीच, लहान बांधा, ज्यात नाटकाची, संगीताची पोरं रोज उभी राहतील. जॉब्सला मधे आणू नका, एवढंच.

विटा_आणि_चुना:
ट्रियानॉनसारखं उचलून बाजूला ठेवा.

जुना_क्युपर्टिनोकर:
२४०० सीटा उचलून ठेवणार कुठे, तुमच्या बॅकयार्डात?

एच४_ते_ईएडी:
काहीही करा, ते पार्किंग गॅरेज तेवढं ठेवा. क्वार्टरच्या (सत्राच्या) पहिल्या आठवड्यात जो तिथे गाडी घेऊन फिरलाय त्याला विचारा.