शब्दचर्चा: खरवड, जिरलेला अंश आणि 'अवशेष'

रावपुरा:
कच्छमधल्या कोटडा भाडलीच्या हडप्पाकालीन खापरांत दुधाचा पुरावा मिळाला. तो अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. बडोद्यातल्या मराठी वाचकांसाठी त्यावर टिपण लिहितो आहे. 'रेसिड्यू'ला, म्हणजे भांड्यात राहून गेलेल्या अन्नाच्या अंशाला, सरसकट 'अन्नावशेष' म्हटलं तर चालेल ना?

दांडिया बाजार:
नका म्हणू. पुरातत्त्वात अवशेष म्हटलं की भिंती, हाडं, जळके दाणे डोळ्यांपुढे येतात. शिवाय इथे दोन निराळ्या गोष्टी आहेत. खापराच्या आतून करपून चिकटलेला काळा थर ही सरळ खरवडच आहे, दुधाच्या पातेल्याला लागते तशी. ती बहुधा भांड्यात शेवटी शेवटी शिजलं त्याची. दुसरा तो जिरलेला अंश. बिनझिलईच्या भांड्याच्या छिद्रांत तेलतूप शिरतं आणि भांडं वापरात असेपर्यंत साठत राहतं. म्हणून 'या मडक्यात दूध तापवत' हे वाक्य चुकीचं. 'या मडक्यात दुधाचाही स्निग्धांश जिरला होता' एवढंच म्हणता येतं. त्यातला 'ही' गाळू नका.

रावपुरा:
आणि 'खापर खरवडून पूड घेतली' हे?

दांडिया बाजार:
खरवड खरवडतात, जिरलेला अंश कोरून काढतात. लहान ड्रिलने आधी वरचा एखादा मिलिमीटर उडवून टाकतात, कारण तिथे माती आणि बोटांचा तेलकटपणा असतो. मग आतली एक-दोन ग्रॅम पूड घेतात. सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या मिथेनॉलमध्ये ती 70 अंशांवर तापवली की मेदाम्लं, म्हणजे तेलातुपाचे घटक, सुटतात. ती हेक्सेनमध्ये ओढून घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून आलेखावर दाखवणाऱ्या तपासणीला, लावतात. ग्रॅममागे 5 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निघालं तर त्यावर सहसा अर्थ बांधत नाहीत. खापर कुठलं निवडलं यालाही महत्त्व आहे: उकळण्याच्या भांड्यात स्निग्धांश तळापेक्षा काठाजवळ जास्त जिरतो, कारण तवंग वर येतो. नेमके तळाचेच तुकडे पाठवले तर 'काही नाही' असा निकाल येऊ शकतो.

प्रतापगंज:
दांडिया बाजारच्या ताईंना पुस्ती जोडतो. 'चरबी' हा शब्द टाळा, त्याने वाचक थेट मांसावर जातो. मोजतात ती पामिटिक आणि स्टिअरिक आम्लं तुपात, तेलात, मांसात सगळीकडे असतात. ओळख पटते ती दोघांमधल्या कार्बन-13च्या (कार्बनच्या किंचित जड प्रकाराच्या) प्रमाणातल्या फरकावरून. स्टिअरिकच्या आकड्यातून पामिटिकचा वजा केला आणि उत्तर उणे 3.1 प्रतिसहस्रच्या खाली गेलं, तर रवंथ करणाऱ्या जनावराचं दूध. त्याच्या वर त्याच जनावरांच्या अंगची चरबी, आणि शून्याजवळ व पुढे डुकरासारखी जनावरं. घोटाळा मिश्रणाने होतो: एकाच हंडीत कधी दूध, कधी डुकराचं मांस शिजलं असेल तर आकडा मध्ये पडतो आणि गायी-शेळीच्या मांसासारखा दिसतो. म्हणून मूळ ठरेपर्यंत 'स्निग्धांश'. आणि 'तूप सापडलं' असं तर लिहूच नका. लोण्यातली आखूड मेदाम्लं मातीतल्या पाण्याबरोबर निघून जातात, त्यामुळे दूध, दही, तूप वेगळं काढता येत नाही. 'दुग्धजन्य' म्हणा.

मांडवी:
आतला पांढरा थर? त्यालाही खरवड?

दांडिया बाजार:
नाही, तो बहुधा क्षाराचा पोपडा. कोपऱ्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसलं तर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे बऱ्याचदा जमिनीतूनच आलेलं. मात्र तपासणीला जाणाऱ्या तुकड्यावर हा थेंब टाकू नये. तो तुकडा धुवायचाही नाही. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचा आणि शेजारची मूठभर माती वेगळी द्यायची. प्लास्टिकच्या पिशवीतून थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) उतरतात आणि उघड्या हाताने धरलं तर त्वचेचं स्क्वालीन (त्वचेच्या तेलातला घटक). दोन्ही आलेखात दिसतात.

मांडवी:
द्राक्षांत असतं ते टार्टारिक आम्ल सापडलं तर 'द्राक्षासव' लिहावं का?

प्रतापगंज:
आपल्याकडे तर मुळीच नाही. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असतं. नुसत्या त्यावरून आसव म्हणणं म्हणजे आमटीच्या हंडीला मद्याचा बुधला ठरवणं. 'टार्टारिक आम्लाचा अंश' इतकंच लिहा. हाच नियम हरियाणातल्या फरमाणा या हडप्पाकालीन स्थळाला लावा: तिथे हळद-आल्याचे स्टार्चकण मिळाले, ते सूक्ष्मदर्शकाखाली आकारावरून ओळखलेले. ती ना खरवड ना स्निग्धांश. त्यांना 'पिष्टकण' म्हणा, आणि कण कशावरून काढले, भांड्यावरून की दातांवरच्या किटणातून, हे त्याच वाक्यात येऊ द्या.