सॉफ्टबॉल: शालेय स्पर्धेसाठी मुलींची तयारी

क्रीडाशिक्षक, तासगाव:
आमच्या शाळेतील आठवी-नववीच्या मुली यंदा प्रथमच जिल्हास्तरीय स्पर्धेत उतरणार आहेत. क्रिकेटच्या सवयीमुळे त्या बॅट हातात घेऊनच धावतात. पावसाने काळ्या मातीच्या मैदानावर चिखल आहे. सुरुवात कोठून करावी?

माजी खेळाडू, सातारा:
सर, सुरुवात फेकीपासून करावी. महिलांच्या खेळात पिचर 43 फुटांवरून चेंडू टाकते. परंतु नवशिक्या मुलीला प्रथम तीस फुटांवर उभे करून, हात कमरेजवळून पुढे येताना मनगटाचा झटका कसा द्यायचा, एवढेच काही दिवस शिकवावे, कारण अंतर वाढवण्याच्या घाईत ती सारा जोर खांद्यावर घेते. खालून टाकलेल्या चेंडूने खांदा दुखावत नाही, हा समज चुकीचा आहे. एकाच मुलीवर भिस्त न ठेवता किमान दोघींना तयार करावे. हा सराव शाळेच्या व्हरांड्यातही होतो, त्यामुळे चिखलाची सबब उरत नाही!

पालक, मिरज:
धावण्याबाबत थोडे लिहितो. दोन बेसमधील, म्हणजे धावपटूने ओळीने गाठायच्या थांब्यांमधील, अंतर 60 फूट असते आणि पहिला बेस ओलांडून सरळ पुढे जाण्याची मुभा असते, तरीही आमच्या मुली तेथे पोहोचताना वेग कमी करीत व नाहक बाद होत. पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धावपटूने बेस सोडायचा नाही, हेही अंगवळणी पाडावे लागते.

क्रीडाशिक्षक, तासगाव:
आभारी आहे. हातमोजे मात्र सहाच आहेत.

माजी खेळाडू, सातारा:
मग गट पाडून आलटून पालटून वापरावेत. मोज्याविना कठीण चेंडू झेलायला लावू नये. तोवर टेनिसचा चेंडू चालेल.