मस्कट बेली ए: जपानी द्राक्षाच्या ड्राय रेडला ओकचे पिंप हवेच कशाला?

कोफूकर

जपानी मातीत पिकलेल्या द्राक्षांच्या रेड वाइनविषयी बोलायचे तर मस्कट बेली ए या जातीला वगळून चालत नाही, आणि तरीही जाणकार म्हणवणारी मंडळी नेमकी तिलाच वगळतात. कावाकामी झेन्बेई या जमीनदाराने ही जात १९२७ मध्ये निइगाता प्रांतातल्या आजच्या जोएत्सु शहरातील आपल्या इवानोहारा बागेत तयार केली. केवळ भातावर विसंबून असलेल्या आपल्या कुळांना दुसरे उत्पन्न मिळावे, या हेतूने त्याने १८९० मध्ये ही बाग लावली होती. परंतु युरोपातून आणवलेल्या वेली तिथल्या बर्फापुढे आणि दमट उन्हाळ्यापुढे टिकेनात, तेव्हा त्याने स्वतःच संकर करायला घेतले. दहा हजारांहून अधिक संकरांतून त्याने २२ जाती निवडल्या. बेली ही अमेरिकी संकरित जात आणि मस्कट हॅम्बुर्ग यांच्यापासून झालेली ही त्यांतली सर्वांत यशस्वी म्हणता येईल. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या यादीतही तिची नोंद झाली.

चर्चेचा मुद्दा तिच्या चवीचा आहे. या द्राक्षाची ड्राय, म्हणजे साखर न उरलेली, वाइन पेल्यात ओतली की पहिल्यांदा स्ट्रॉबेरीचा वास येतो. तो फ्युरानिऑल या संयुगामुळे येतो आणि हेच संयुग प्रत्यक्ष स्ट्रॉबेरीत व अननसातही असते. टॅनिन म्हणजे तुरटपणा कमी, अंग हलके, आंबटपणा मात्र नेटका. हा स्वभाव ओळखून ती साधेपणाने करावी, थोडी गार प्यावी, हे उघड आहे. पण काही उत्पादकांना ती हलकी आहे याचीच लाज वाटते असे दिसते. आंबवण्यापूर्वी काही रस काढून टाकून उरलेला दाट करायचा, मेर्लो या फ्रेंच द्राक्षाची जोड द्यायची, वर नव्या ओकच्या पिंपात मुरवायचे आणि मग बाटलीची किंमत वाढवायची. उत्तम हापूसच्या रसात वेलची-केशर ओतणाऱ्यांचा मला जो राग येतो, तोच इथेही येतो. ओकशिवाय केलेली मस्कट बेली ए हीच जपानची खरी प्रादेशिक रेड आहे, असे माझे ठाम मत आहे.

मेर्लोपंथी

कावाकामींच्या चिकाटीविषयी आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते की, आपण एका कृषिविषयक यशाला चवीचे यश समजत आहात. बर्फात आणि दमट हवेत तग धरणारी वेल त्यांना हवी होती, आणि ती त्यांना मिळाली. पेल्यात काय उतरते, हा वेगळा प्रश्न आहे. या वाइनचा दोष असा की, वासाने गोडाची अपेक्षा निर्माण होते आणि जिभेवर साखरेचा मागमूस नसतो. ही फारकत दुसऱ्या पेल्यापर्यंत कंटाळा आणते.

उलट नागानो प्रांतातील शिओजिरीजवळच्या किक्योगाहाराचे उदाहरण पाहावे. तिथे पूर्वी कॉन्कॉर्ड आणि नायगारा या अमेरिकी वळणाच्या जाती होत्या. १९७० च्या दशकात मेर्सियां कंपनीने तिथल्या शेतकऱ्यांना मेर्लोकडे वळवले, आणि त्या मेर्लोच्या १९८५ च्या वाइनला १९८९ मध्ये ल्युब्लियानाच्या (आजचा स्लोव्हेनिया) वाइन स्पर्धेत सर्वोच्च पदक मिळाले. जपानची हवा युरोपीय द्राक्षांना मानवत नाही, ही सबब तेव्हाच निकालात निघाली. मस्कट बेली ए खाण्याचे द्राक्ष म्हणून चांगले आहे. ते तसेच राहू द्यावे.

कोफूकर

किक्योगाहारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचावर आहे, हे आपण सांगायचे राहिले. यामानाशी प्रांतातल्या कोफूच्या खोऱ्याच्या तळाशी ऐन उन्हाळ्यात रात्रीही उकाडा हटत नाही, आणि रात्री गार झाल्या नाहीत तर मेर्लोच्या मण्यांना पुरेसा रंग धरत नाही. एका पठाराच्या पदकावरून सबंध देशाची लागवड ठरवणे योग्य नव्हे. शिवाय वासाने गोडाची अपेक्षा निर्माण होते हा दोष मानायचा, तर फ्रान्सच्या अल्सासमधल्या ड्राय मस्कटलाही तोच लावावा लागेल; तिथे मात्र त्याला कुणी दोष म्हणत नाही.

निफाडकर

मी वाइनचा जाणकार नाही, द्राक्ष बागाईतदार आहे. त्यामुळे बागेच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे, या जातीला परकी म्हणून दूर लोटण्याआधी आपण आपल्या खुंटाकडे पाहावे. बेली ही जात टेक्सासच्या टी. व्ही. मन्सन यांनी तयार केली, आणि नाशिक-सांगलीच्या बागांमध्ये ज्यावर आपण कलम बांधतो तो डॉगरिज खुंटही त्यांनीच टेक्सासच्या रानातून निवडला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेली एआरआय-५१६ ही जातसुद्धा कॅटॉबा या अमेरिकी वळणाच्या द्राक्षाचा ब्यूटी सीडलेसशी केलेला संकर आहे. रोगाला तोंड द्यायचे तर अमेरिकी रक्त लागते, हा अनुभव जपान्यांचा आहे तसा आपलाही आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जपानमध्ये जून-जुलैत पावसाळा असतो आणि पुढे सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमके घड पिकताना, वादळे येतात. तिथेही आपल्यासारखीच मांडवावर वेल चढवण्याची पद्धत रूढ आहे, आणि अनेक बागांत प्रत्येक घडाच्या देठाशी मेणकागदाची छोटी टोपी बांधतात, म्हणजे पावसाचे पाणी मण्यांवर न थांबता बाहेर निथळते. एकेका घडाला हाताने टोपी बांधायची, याला मजुरी किती लागेल याचा हिशोब बागाईतदारालाच कळेल. त्यात फ्युरानिऑल वाढते ते घड उशिरापर्यंत वेलीवर ठेवले तर. म्हणजे कोफूकरांना जी स्ट्रॉबेरी हवी आहे तिच्यासाठी शेतकऱ्याने केवडा, करपा हे रोग आणि मण्यांना तडे जाण्याचा धोका पत्करून आणखी थांबायचे. आणि शेजारच्या बागेत शाइन मस्कट या खाण्याच्या द्राक्षाला वाइनच्या द्राक्षापेक्षा कितीतरी चढा भाव मिळत असताना थांबायचे! वाइनरी उशिरा तोडणीचा वेगळा दर देत नसेल तर शेतकरी माल लवकर उतरवणार. मग वास फिका येणार, आणि तो फिकेपणा झाकायला ओकचे पिंप येणार. वाद पिंपाचा नाही, तोडणीच्या तारखेचा आहे.

रसना

निफाडकरांचा प्रतिसाद आवडला, तरी शेवटचे वाक्य मान्य नाही. पूर्ण पिकलेल्या द्राक्षांची वाइनही काही उत्पादक जाणूनबुजून पिंपात ठेवतात, आणि ती झाकपाक नसते. जुन्या, अनेकदा वापरलेल्या पिंपाचा लाकडी वास वाइनला फारसा लागत नाही. थोडी हवा लागून तिच्या कडा मात्र मऊ होतात. कोफूकरांनी नव्या आणि जुन्या ओकला एकाच मापाने मोजले आहे.

शिवाय ही वाइन जेवणाबरोबर प्यायची आहे. सोया सॉस आणि मिरिन (स्वयंपाकातली गोड भातदारू) यांच्या गोडसर चवीची याकितोरी (काडीवर भाजलेली कोंबडी) किंवा सुकियाकी (पातळ मांसाच्या कापांचा रस्सा) समोर असेल, तर निव्वळ फळाची वाइन तोकडी पडते आणि पिंपातली बरोबर जुळते. मेर्लोपंथी म्हणतात ती वास आणि चव यांतली फारकत अशा जेवणात जाणवतच नाही, कारण गोडवा ताटात असतो.

कोफूकर

जुन्या पिंपाला माझी हरकत नाही. मूळ लेखात मी ‘नव्या’ असेच लिहिले आहे. तोडणीच्या तारखेविषयी निफाडकर म्हणतात ते माझ्याच बाजूचे आहे. ओकच्या नव्या पिंपावर होणारा खर्च उशिरा तोडणीच्या दरात घातला, तर शेतकऱ्यालाही पैसा मिळेल आणि बाटलीत द्राक्षही राहील.

मेर्लोपंथी

आपण तिघेही मला अप्रत्यक्षपणे दुजोरा देत आहात. ज्या द्राक्षासाठी टोपी, जादा दर, जुने पिंप आणि गोडसर लेपाची याकितोरी इतके सगळे जमून यावे लागते, त्याला देशाची प्रातिनिधिक रेड म्हणणे मला पटत नाही.

तरीही एक मागणी सर्वांनी मिळून करता येईल. आयात केलेल्या दाट रसापासून जपानात केलेली वाइनही पूर्वी ‘देशी’ म्हणून खपत असे. ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ‘जपानी वाइन’ हे नाव केवळ जपानमध्ये पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनलाच लावता येते, आणि जात किंवा प्रदेश लिहायचा तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्याच जातीची वा प्रदेशाची असावी लागतात. म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत मेर्लो घालूनही पुढच्या लेबलावर एकट्या मस्कट बेली ए चे नाव राहू शकते. ते प्रमाण, तोडणीचा महिना आणि पिंप नवे की जुने, एवढे मागच्या लेबलावर छापा. मग कोफूकरांनी त्यांची बाटली निवडावी, रसनांनी त्यांची. मी किक्योगाहाराचीच घेईन.